डिजिटल कन्सोलवर मॉनिटर आणि इफेक्ट लावले, त्याची हकिकत

नोव्हेंबरच्या शेवटी सभागृहाच्या कार्यालयातून कळलं की जुना ॲनालॉग मिक्सर काढला आहे आणि त्याच्या जागी बेहरिंगर कंपनीचा एक्स३२ हा डिजिटल कन्सोल आला आहे. आमचा गाण्यांचा कार्यक्रम जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी, आणि आवाजाची बाजू नेहमीप्रमाणे माझ्याकडे. जुन्या मिक्सरला ऑक्स, म्हणजे वेगळा मिक्स बाहेर काढायच्या वाटा, दोनच होते. एक मॉनिटरला (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरला) जायचा, दुसरा रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टला). स्टेजवरच्या सगळ्यांना मिळून एकच मिक्स, त्यामुळे कुणी कुरकुर केली की "एकच आहे, काय करू?" एवढं उत्तर पुरायचं. नव्या कन्सोलवर १६ मिक्स बस, म्हणजे अशाच सोळा वाटा, आहेत हे वादकांना कुणीतरी सांगितलं, आणि माझं ते हुकमी उत्तर गेलं.

ॲनालॉगवर हात बसलेला आहे पण डिजिटलसमोर उभं राहिलं की कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. कन्सोल दुसऱ्या कंपनीचा असेल तर बटणांची नावं आणि पानांची जागा बदलेल, विचार बदलणार नाही.

पहिला अडथळा कन्सोलचा नव्हताच, परवानगीचा होता. सरावासाठी कन्सोल वापरायचा तर कार्यक्रमाच्या अर्जाशिवाय आणखी एक अर्ज. सोबत इनपुट लिस्ट, स्टेजवर कोण कुठे उभं राहणार याचा आराखडा, कन्सोल हाताळणाऱ्याचं नाव आणि सही. अनामत वेगळी. शिवाय एक अट: सभागृहाचा मूळ सीन (कन्सोलच्या सगळ्या सेटिंगची साठवलेली प्रत) पुसायचा नाही, आपला सीन वेगळ्या क्रमांकावर ठेवायचा, आणि कार्यक्रम संपल्यावर मूळ सीन पुन्हा लोड करून रजिस्टरमध्ये तशी नोंद करायची. वाचताना कटकट वाटली. पण इनपुट लिस्ट आणि आराखडा कागदावर उतरवायला लावल्याबद्दल मी आता त्या कार्यालयाची आभारी आहे, कारण अर्धं काम तिथेच झालं.

परवानगी यायला बरेच दिवस गेले. त्या काळात एक्स३२-एडिट हे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं. ते फुकट मिळतं आणि कन्सोल जोडलेला नसतानाही उघडतं. आवाज येत नाही अर्थातच, पण चॅनलना नावं देणं, रंग देणं, बस ठरवणं, राउटिंगची (आवाज कुठून कुठे जातो त्याची) पानं फिरून बघणं हे सगळं घरी बसून करता येतं. कन्सोलसमोर मिळणारा वेळ मोजका असतो. तो नावं टाइप करण्यात घालवू नये.

ॲनालॉग मिक्सरवर ऑक्स १ चा नॉब फिरवला की मागच्या ऑक्स १ च्या जॅकमधून आवाज येतो. ते नातं कारखान्यातच जुळलेलं असतं. डिजिटलवर ते आपण जुळवायचं. चॅनलमधून आवाज कुठल्या टप्प्यावर उचलायचा, तो कुठल्या बसमध्ये घालायचा, आणि ती बस कुठल्या आउटपुटमधून बाहेर काढायची, असे तीन वेगळे निर्णय असतात आणि ते तीन वेगळ्या पानांवर असतात. गोंधळ होतो तो इथेच. मॉनिटर आणि इफेक्ट या दोन वेगळ्या विद्या आहेत असं मला आधी वाटायचं. मुळात दोन्ही एकच: चॅनलमधून बसमध्ये पाठवलेला आवाज. मॉनिटरची बस स्टेजवरच्या स्पीकरकडे जाते, इफेक्टची बस कन्सोलच्या आतल्याच इफेक्टच्या खणात जाते आणि तिथून रिटर्न होऊन मिक्समध्ये येते. हे डोक्यात बसल्यावर मी एका कागदावर तीन रकाने आखले, कुठून उचलायचं, कुठली बस, कुठे बाहेर, आणि स्क्रीनवर काहीही करण्याआधी ते भरले.

आमच्याकडे पाच जण. मुख्य गायिका, अकुस्टिक गिटार वाजवत साथ गाणारा, बास, कीबोर्ड वाजवत गाणारी, आणि ड्रम्स. चॅनल असे: तीन गळे, गिटार, बास, कीबोर्डचे डावा-उजवा, किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर टांगलेले माइक). एकूण ११. चार जणांसमोर चार वेज (जमिनीवर तिरपे ठेवलेले मॉनिटर स्पीकर), म्हणजे बस १ ते ४. ड्रमरला वायरचा इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर), तो स्टिरिओ हवा म्हणून बस ५ आणि ६ लिंक केल्या. लिंक करायची जोडी विषम-सम अशीच लागते, ५-६ चालते, ४-५ चालत नाही. लिंक झाल्यावर जोडीतला एक सेंड (चॅनलमधून बसला किती पाठवायचं तो नॉब) लेव्हलचा होतो आणि दुसरा पॅनचा, म्हणजे डावं-उजवं ठरवणारा. इफेक्टसाठी बस १३, १४, १५. एक्स३२ वर मूळ मांडणीत १३ ते १६ या बस एफएक्स १ ते ४ ला जोडलेल्याच असतात. ती मांडणी मी तशीच ठेवली, उगाच हुशारी नको.

आता प्री आणि पोस्ट. पुस्तकात एका ओळीत संपणारी ही गोष्ट, पण कार्यक्रम तरतो किंवा बुडतो तो यावर. मॉनिटरचे सेंड प्री-फेडर हवेत, म्हणजे फेडरच्या (चॅनलच्या आवाजाच्या सरकपट्टीच्या) आधी उचललेले. मोठ्या आवाजाच्या गाण्यात प्रेक्षकांसाठी गायिकेचा फेडर ५ डीबी वर नेला आणि तिचा वेज पोस्टवर असेल, तर वेजही ५ डीबीने वाढणार आणि त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी (फीडबॅक) वाजणार. प्रेक्षकांसाठी काहीही केलं तरी स्टेजवरच्या माणसाचा आवाज हलता कामा नये. इफेक्टचे सेंड मात्र पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरनंतर उचललेले. ते प्रीवर राहिले तर फेडर खाली घेतल्यावर मूळ आवाज जातो आणि रिव्हर्ब तेवढाच राहतो, विहिरीच्या तळातून कुणी गात असल्यासारखा.

प्री-फेडरमध्येही एक पोटभेद आहे आणि तो ॲनालॉगवाल्यांना सहसा माहीत नसतो. एक्स३२ वर सेंड ईक्यूच्या (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याच्या) आधी उचलता येतो, ईक्यूनंतर उचलता येतो, किंवा ईक्यू आणि कॉम्प्रेसर दोन्ही झाल्यावर पण फेडरच्या आधी उचलता येतो. हे उचलण्याचे टप्पे, म्हणजे टॅप, बसच्या जोडीजोडीने ठरतात. मी वेजसाठी ईक्यूनंतरचा पण कॉम्प्रेसरच्या आधीचा निवडला. कारण असं: कॉम्प्रेसर गायिकेचा मोठा आवाज दाबतो. तो दाबलेला आवाज वेजमध्ये गेला की तिला वाटतं आपला आवाज पोचत नाही, आणि ती आणखी जोर लावते. दुसरं, कॉम्प्रेसरमध्ये मेकअप गेन (दाबल्याची भरपाई म्हणून वाढवलेली लेव्हल) दिला असेल तर गाण्यातल्या शांत जागी वेजची लेव्हल वाढते आणि फीडबॅक जवळ येतो. ड्रमरच्या इन-इअरला फीडबॅकची भीती नाही, तिथे कॉम्प्रेसरनंतरचा चालला.

म्यूटचं एक जाताजाता. चॅनल म्यूट केला की प्री सेंडही बंद होतात की चालू राहतात, हे कन्सोलप्रमाणे आणि त्याच्या सेटिंगप्रमाणे वेगळं असतं. माइकमध्ये बोलत राहून बटण दाबायचं, वेजकडे कान द्यायचा. पाच सेकंदांत कळतं.

डिसेंबरच्या मध्यात पहिली दुपार मिळाली. तिथले तंत्रज्ञ काका किल्ली घेऊन आले, रजिस्टरमध्ये माझी सही घेतली आणि म्हणाले, "आधी यूएसबीवर आमचा सीन घ्या, मग काय करायचं ते करा." घेतला. एक्स३२ मध्ये १०० सीन साठवता येतात, पण सगळे त्या कन्सोलच्याच पोटात. आपली प्रत आपल्या पेनड्राइव्हवर असली की जीव शांत राहतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला लागतो, तेवढं घरूनच करून न्या.

स्टेजवर एस१६ हा स्टेजबॉक्स होता, १६ इनपुट आणि ८ आउटपुट. कन्सोलपर्यंत एकच नेटवर्कची केबल येते आणि एईएस५० या जोडणीवरून दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनल जातात. आउटपुट १ ते ६ मॉनिटरला, ७-८ मुख्य स्पीकरला. आउटपुटच्या पानावर बस नेमताना तिथेही टॅप विचारतात, आणि तो पोस्ट-फेडरच ठेवायचा. नाहीतर बसच्या मास्टर फेडरला आणि म्यूटला आउटपुट जुमानत नाही. शिट्टी सुरू झाल्यावर मास्टर खाली ओढला आणि काहीच झालं नाही, असा प्रसंग कुणावर न येवो.

सगळ्या वायरी लागल्यावर वादक येण्याआधी मी एकच काम केलं. कन्सोलमधला ऑसिलेटर, म्हणजे तपासणीचा सलग सूर, अगदी हळू आवाजात एकेका बसवर सोडला आणि स्टेजवर फिरून कुठल्या वेजमधून येतो ते बघितलं. वेज १ च्या जागी वेज १, २ च्या जागी २. कंटाळवाणं वाटतं, पण करा.

त्यानंतर गेन, म्हणजे आत येणारा आवाज सुरुवातीलाच किती वाढवायचा ते. डिजिटलवर गेनला मी फार महत्त्व देते, कारण प्रीॲम्पचा गेन हलला की त्या चॅनलचे सगळे सेंड एकदम हलतात, सगळ्या वेजमध्ये आणि सगळ्या इफेक्टमध्ये. म्हणून गेन प्रत्येकाला खऱ्या ताकदीने वाजवायला-गायला लावूनच ठरवायचा. मीटरवर सरासरी उणे १८ च्या आसपास आणि शिखरं त्याच्या वर पण लाल दिव्याच्या बरीच खाली, एवढी जागा ठेवली. "टेस्ट, टेस्ट" म्हणणाऱ्याच्या आवाजावर ठरवलेला गेन गाण्याला नेहमी जास्त होतो. गेन ठरला की तो विषय बंद. गळ्यांना १२० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचा आवाज कापणं), गिटारला जरा खाली.

वेज लावायचं ठिकाण माइकवर ठरतं. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक बरोबर मागच्या बाजूने, १८० अंशांवर, सर्वांत बहिरा असतो, म्हणून वेज सरळ समोर, माइकच्या शेपटीकडे तोंड करून. सुपरकार्डिऑइडला मागे थोडं ऐकू येतं. त्याचे बहिरे कोन साधारण १२६ अंशांवर असतात, म्हणून वेज जरा बाजूला सरकवायचा. गायिकेचा माइक सुपरकार्डिऑइड निघाला. तिचा वेज समोरून काढून एका बाजूला वळवल्याबरोबर कुठलाही ईक्यू न लावता बरीच मोकळीक मिळाली. हे काम पायाने होतं, स्क्रीनला हातही लागत नाही, आणि तरीही सगळ्यांत जास्त फरक पडला तो इथे.

मग रिंग आउट, म्हणजे मुद्दाम शिट्टीच्या काठावर जाऊन ती कुठल्या फ्रिक्वेन्सीला वाजते ते शोधणं. एक्स३२ मध्ये एफएक्स ५ ते ८ हे चार खण फक्त इन्सर्टसाठी, म्हणजे आवाजाच्या वाटेतच मध्ये बसवण्यासाठी, आहेत. त्यांत दुहेरी ग्राफिक ईक्यू बसतो, एका खणात दोन बस. चार वेजना दोन खण पुरले. ईक्यू ३१ पट्ट्यांचा. स्टेजवरच्या सगळ्यांना आधी सांगितलं, कान जपा म्हटलं, आणि बस १ चा मास्टर अगदी सावकाश वर नेला. पहिली शिट्टी अडीच किलोहर्ट्झच्या जवळ. स्क्रीनवरच्या आरटीएमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या चालत्या आलेखात) ती पट्टी उंच उभी राहते, त्यामुळे कानाला नाव सांगता आलं नाही तरी डोळ्याला दिसतं. ३ डीबी कापली, पुन्हा वर. मग पुढची. तीन-चार जागा कापल्या की थांबायचं. त्यापुढे कापत गेलं की वेजचा आवाज इतका पोकळ होतो की गाणारा म्हणतो "अजून वाढव," आणि मिळवलेलं सगळं परत जातं. शेवटी माइकच्या जाळीभोवती हात धरून बघितलं, कारण काही गायकांना तशी सवय असते आणि त्याने माइकची दिशाच बिघडते.

ग्राफिकच का, असं काकांनी विचारलं. बसवर सहा पट्ट्यांचा पॅरामेट्रिक (फ्रिक्वेन्सी आणि रुंदी आपण ठरवायचा ईक्यू) असतोच, आणि अनुभवी माणसं त्यावरच भागवतात, अरुंद खाच पाडून. मला ३१ फेडर समोर उभे दिसले की घाई-गडबडीत बरं पडतं, एवढंच माझं कारण.

प्रत्यक्ष मॉनिटर मिक्स लावायला "सेंड्स ऑन फेडर" हे बटण. बस १ निवडायची, बटण दाबायचं, आणि चॅनलचे सगळे फेडर आपोआप सरकून त्या बसमधल्या लेव्हल दाखवू लागतात. आता जे हलवाल ते फक्त गायिकेच्या वेजमध्ये. उलट बाजूनेही चालतं. चॅनल निवडला की उजवीकडच्या बसच्या फेडरवर तो चॅनल कुणाला किती जातो ते दिसतं, आणि "गिटार सगळ्यांनाच कमी कर" अशी फर्माइश आली की हेच उपयोगी. मात्र ते बटण पेटलेलं असताना मुख्य मिक्सचे फेडर समोर नसतात. फेडरला बोट लावण्याआधी त्या दिव्याकडे बघायची सवय मी घरी सॉफ्टवेअरवरच लावून घेतली होती.

वादकांशी बोलणं हा निराळा भाग, आणि इथे कन्सोल काहीच मदत करत नाही. मी एकच नियम ठेवला: एका वेळी एक माणूस, बाकीचे वाजवत राहतील पण बोलणार नाहीत. सुरुवात प्रत्येकाच्या वेजमध्ये त्याचा स्वतःचा आवाज आणि सुरासाठी कीबोर्ड, इतकंच घालून केली. लागेल तसं मागा म्हटलं. रिकाम्या वेजपासून सुरू केलं की लोक थोडंच मागतात. भरलेला वेज दिला की "मला मीच ऐकू येत नाही" सुरू होतं.

गिटारवाल्याने ते सुरू केलंच. "माझा गळा वाढव." वाढवला. मग "गिटार वाढव." वाढवली. मग "आता गळा गेला." वेजला मर्यादा असते, आणि त्याच्या शेजारी बासचा ॲम्प घुमत होता. मी त्याच्या वेजमधून बास पूर्ण काढला, कीबोर्ड ४ डीबी खाली घेतला, आणि बासवाल्याला ॲम्प तिरपा करून स्वतःच्या कानाकडे वळवायला सांगितलं. त्याच्या गळ्याची लेव्हल बोटभरही न हलवता तो म्हणाला, "हां, आता बरोबर वाढवलास." मी दुरुस्त करायच्या फंदात पडले नाही.

ड्रमरचं वेगळं. इन-इअर कानात घट्ट बसला की बाहेरचं जग बंद होतं. ड्रम वाजवताना हा मोठाच फायदा, पण मग त्याला माणसं काय बोलतात तेही ऐकू येत नाही. त्यावर दोन उपाय केले. कन्सोलचा टॉकबॅक बस ५-६ ला जोडला, म्हणजे मी बटण दाबून बोलले की थेट त्याच्या कानात. आणि ओव्हरहेड माइक त्याच्या मिक्समध्ये जरा जास्त दिले, त्यातून स्टेजची हवा येते. बसवर लिमिटर (ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज जाऊ न देणारा) लावला. हे ऐच्छिक समजू नका. वेजमधला अचानक धमाका कानापासून दीड-दोन मीटरवर होतो, इन-इअरमधला कानाच्या आत. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डीबीए आवाज रोज ८ तास चालतो, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डीबीएला जेमतेम १५ मिनिटं. आमचा कार्यक्रम दोन तासांचा. त्याचा मिक्स तपासताना मी माझे मोठे हेडफोन बाजूला ठेवले आणि तो वापरतो तसलेच इअरफोन लावून बस सोलो केली, म्हणजे तेवढीच ऐकली. मोठ्या हेडफोनमध्ये किक भरदार वाटत होती, त्याच्या इअरफोनमध्ये जवळजवळ गायब.

"डिजिटल म्हणजे आवाज उशिरा येणार ना?" हा प्रश्न कीबोर्डवालीने विचारला, आणि तो मलाही पडला होता. या कन्सोलला आत येऊन बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. वेज एक पाऊल मागे सरकवला तर त्याहून जास्त उशीर होतो. विषय मिटला.

इफेक्टना त्या दुपारी हात लावला नाही. सराव चालू असताना कन्सोलच्या यूएसबी कार्डावरून सगळे चॅनल लॅपटॉपवर वेगवेगळे रेकॉर्ड करून घेतले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा एक संध्याकाळ मिळाली, तेव्हा वादक नव्हते. चॅनलचे इनपुट स्टेजबॉक्सऐवजी कार्डावरून घेतले आणि तेच रेकॉर्डिंग चॅनलमधून पुन्हा सोडलं. गायिका तेच कडवं कितीही वेळा न कंटाळता गाते. इफेक्टसाठी ही पद्धत फार उत्तम. वेजसाठी मात्र ती चालत नाही, कारण रेकॉर्डिंगला फीडबॅक होत नाही. वेजचा निवाडा उघड्या माइकवरच.

एफएक्स १ मध्ये गळ्यांसाठी प्लेट रिव्हर्ब. डिके (विरायला लागणारा वेळ) १.६ सेकंद, प्रीडिले ३० मिलिसेकंद. प्रीडिलेमुळे शब्द आधी स्पष्ट येतो आणि रिव्हर्ब त्याच्या मागून, म्हणून शब्द बुडत नाहीत. रिव्हर्बचा खालचा भाग २०० हर्ट्झपाशी कापला, वरचा ७ किलोहर्ट्झपाशी. न कापलेला रिव्हर्ब सभागृहात चिखल करतो आणि "स", "श" या अक्षरांवर फुसफुसतो. जिथे ड्राय-वेटचा (मूळ आवाज किती आणि इफेक्ट किती याचा) नॉब असेल तिथे पूर्ण वेट, मूळ आवाज चॅनलमधून जातोच आहे.

एफएक्स २ मध्ये डिले, म्हणजे प्रतिध्वनी. त्याचा वेळ गाण्याच्या लयीवरून: ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा त्या आकड्याने) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ९६ च्या गाण्याला ६२५, अर्ध्या मात्रेला ३१२.५. गणित घरी केलं आणि गाण्यांच्या यादीसमोर लिहून ठेवलं, पण कार्यक्रमात वादक थोडे पुढेमागे होतातच, म्हणून टॅप टेम्पो (लयीत बोट मारून वेळ ठरवणं) एका असाइन बटणावर, म्हणजे आपण काम नेमून द्यायच्या बटणावर, घेतला. एफएक्स ३ मध्ये स्नेअरसाठी छोटी रूम. झालं. चौथा खण रिकामा ठेवला. काहीतरी भरायचा मोह झाला होता.

रिटर्नचे फेडर वेगळ्या लेयरवर (फेडरच्या वेगळ्या संचावर) असतात. त्या रिटर्नलाही बसचे सेंड आहेत, म्हणजे रिव्हर्ब मॉनिटरमध्येही घालता येतो. पण रिव्हर्बचा रिटर्न त्याच रिव्हर्बच्या बसमध्ये गेला, तर आवाज गोल गोल फिरत वाढत जातो. म्हणून रिटर्नवरचे १३ ते १६ चे सेंड एकदा जाऊन पूर्ण बंद आहेत ना ते बघितलं. गायिकेला वेजमध्ये थोडा रिव्हर्ब हवा होता. अगदी थोडा दिला, कारण वेजमधला रिव्हर्ब पुन्हा माइकमध्ये शिरतो. इन-इअरवाल्या गायकाला मात्र तो सढळ हाताने द्यावा, कोरडा आवाज कानात ठेवून गाणं अवघड जातं.

निवेदनाच्या वेळी रिव्हर्ब नको, म्हणून म्यूट ग्रुप (एका बटणाने एकदम बंद होणारा गट) केला. त्यात रिटर्न घालायचे की सेंडच्या बस? रिटर्न म्यूट केला की शेवटच्या सुराचा रिव्हर्ब कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सेंडची बस म्यूट केली की आत असलेली शेपूट पूर्ण विरते आणि नवीन काही आत जात नाही. मी १३, १४, १५ या बस ग्रुपमध्ये घेतल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सीन लोड केला. आधी सगळ्या स्पीकरच्या आउटपुट म्यूट केल्या, मग लोड. साउंडचेकला टॅब्लेट हातात घेऊन स्टेजवर प्रत्येकाच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्याच वेजसमोर त्याचा मिक्स ऐकत हलवला. मागे कन्सोलपाशी बसून हातवारे समजून घेण्यापेक्षा हे फार लवकर होतं. टॅब्लेटसाठी साधा वाय-फाय राउटर कन्सोलच्या नेटवर्क पोर्टला लागतो, तो आपला न्यावा. राउटरला पासवर्ड द्या. साउंडचेक झाल्यावर वेगळ्या नावाने पुन्हा सेव्ह.

प्रेक्षक भरल्यावर सभागृह कोरडं झालं. माणसं आणि कपडे आवाज शोषतात, रिकाम्या खुर्च्या तेवढा शोषत नाहीत. पहिल्याच गाण्यात रिव्हर्बचा रिटर्न ३ डीबी वाढवावा लागला. वेजना हात लावला नाही. मध्यंतरापर्यंत पोटात गोळा होता. त्यानंतर बासवाला माझ्याकडे बघून बोट वर करत होता ते "वाढव" म्हणून नव्हे, तर "ठीक आहे" म्हणून, हे लक्षात आल्यावर जरा टेकले.

रात्री मूळ सीन लोड केला, काकांनी मुख्य स्पीकरवर गाणं लावून बघितलं, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या झाल्या. अनामत परत यायला पुढचा आठवडा उजाडला, आणि त्यासाठी पावतीची मूळ प्रत लागली. झेरॉक्स चालत नाही.

आता बाकी चौघांनाही इन-इअर हवेत. हिशोब करून बघितला: पाच जणांना स्टिरिओ म्हणजे १० बस, इफेक्टच्या ४, उरल्या २. बस पुरतात. आउटपुट पुरत नाहीत. १० आणि मुख्य स्पीकरचे २ मिळून १२ लागतील, स्टेजबॉक्सला ८ आहेत. एक तर दुसरा स्टेजबॉक्स भाड्याने, नाहीतर कन्सोलच्या मागच्या आउटपुटपासून स्टेजपर्यंत वायर. दुसऱ्या पर्यायाला सभागृहाची परवानगी लागेल, तो अर्ज टाकला आहे.